एकशेचाळीस नंबरची पिशवी

१

रांग सातच्या पिशव्या लॅबला गेल्या होत्या वीस. निकालाच्या कागदावर ओळी होत्या एकोणीस.

तिने त्या तीनदा मोजल्या. आधी नजरेने, मग बोटाने, मग खालून वर. एकोणीसच. तिचं मोजण्याचं वेड साऱ्या तळाला ठाऊक होतं. चहात साखरेचे दाणे किती पडले तेही ही पोरगी सांगेल, असं म्हणता म्हणता तिचं नावच ‘मोजणी’ पडलं होतं. भूशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली त्याला आठ महिने झाले होते. नोकरीत कायम व्हायला अजून चार बाकी होते.

जेवणाच्या तंबूत त्या सकाळी पाच माणसं होती. टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, तळाचे प्रमुख. त्यांच्या उजव्या हाताला नकाशेबुवा. लॅबचे आकडे आणि नकाशे त्यांच्या ताब्यात. डाव्या हाताला भांडार सांभाळणाऱ्या काकू, ज्यांना पाठीमागे सगळे तराजूकाकू म्हणत. चौथी मोजणी. पाचवे मामा, आणि फक्त तेच उभे होते.

मामा कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. तीस वर्षं ते डोंगर चढून माती गोळा करत आले होते. डोंगरावर आखलेल्या रांगेत ठरलेल्या अंतरावर खड्डा खणायचा, कोपरापर्यंत हात जाईल इतका खोल. तळाची माती चाळायची, पिशवीत भरायची, नंबर टाकायचा, खड्डा बुजवायचा आणि पुढे चालायचं. जमिनीच्या पोटात तांबं असेल तर वरच्या मातीत त्याचा माग लागतो. तो लॅबमध्ये मोजतात. या कामाला मोठी यंत्रं लागत नाहीत. माणसाचे पाय आणि माणसाचा शब्द, एवढ्या भांडवलावर सगळा कारभार चालतो.

“दहा लाख भाग मातीत तांब्याचे भाग किती, ते वाचतो,” साहेब म्हणाले. “चौतीस. चौतीस. तेहतीस. पस्तीस. चौतीस. शेवटपर्यंत हेच. मामा, नऊशे मीटरची चढण आहे. खाली ओढा, मध्ये खडक, वर गवत. आणि माती सगळीकडे एकच?”

“तिथली माती एक नाही,” मामा म्हणाले. “खाली काळी, मध्ये तांबूस, वर पिवळी. आठवडाभर माझ्या नखांत तिन्ही होत्या.”

“मग पिशव्यांत एकच कशी?”

“ते पिशव्यांना विचारा.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. “मी सांगतो कशी. झाडाखाली बसायचं, एकच खड्डा खणायचा आणि सगळ्या पिशव्या तिथेच भरायच्या. चढणही वाचते, गुडघेही वाचतात. मीही या कामात केस पांढरे केलेत. उद्या सकाळी जीप येतेय, तुम्ही तिच्यातून खाली जा. अहवालात मला लिहावं लागेल, आणि ते वाचल्यावर दुसरा कुठला तळ तुम्हाला घेईल असं वाटत नाही. माझा नाइलाज आहे.”

नाइलाज खराही होता. परवान्याच्या नियमाप्रमाणे निम्मी जमीन या महिन्याअखेर परत द्यायची होती. उत्तरेची की दक्षिणेची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. उत्तरेची सगळी आशा रांग सातवर होती, आणि तिथे पायी जायला दीड दिवस लागे. पुन्हा माती आणायला वेळच नव्हता. उद्या दुपारी बाराला अर्ज जाणार होता, आणि तो उत्तरेची जमीन सोडण्याचा.

साहेबांनी दुसरा कागद मोजणीपुढे सरकवला. रांग सातचे नमुने एकाच जागी भरल्याचं आढळलं, असं त्यावर लिहिलं होतं. देखरेख तिची होती, म्हणून सहीही तिची हवी होती.

“ओळी एकोणीस आहेत, सर,” ती म्हणाली. “पिशव्या वीस गेल्या.”

“विसावी कोरी पिशवी. तिचा आकडा बुवा यादीतून काढतात, दरवेळी काढतात.” साहेबांनी कपाळ चोळलं. “कोरी पिशवी ठरलेल्या जागेवरून हलवायचा हट्ट तुझाच होता ना? त्या टिपणावर मी सही केली. आता या कागदावर तू कर.”

कोरी पिशवी म्हणजे लॅबची परीक्षा. तांबं जवळजवळ नाहीच अशी माती दूरच्या पठारावरून आणलेली असते. दिसायला ती इतर मातीसारखीच. वीस पिशव्यांमागे एक तिची, गुपचूप मध्ये सरकवलेली. तिच्यात लॅबला तांबं सापडलं तर समजायचं, कुठेतरी घोळ आहे.

मोजणीने कागद हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

“मी सही करणार नाही.”

“तुझे अजून चार महिने जायचेत, हे लक्षात आहे ना?”

“मोजलेत मी.”

काकूंना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

मामा एवढंच म्हणाले, “साहेब, मी माफी मागणार नाही. आणि जीपमध्ये बसणारही नाही. उचलून ठेवायचं असेल तर चौघं आणा, माझं वजन आहे.”

स्वतःच्या तंबूत येऊन मोजणीने खिशातली वही उघडली. कोऱ्या पिशव्यांचे नंबर फक्त त्या वहीत असत. ते ती दर रांगेला फासे टाकून ठरवी, आणि तो नंबर मामांच्या नंबरचिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून आधीच काढून घेई. साहेबांच्या कागदावर ओळी होत्या १२१ ते १३९. गाळलेला नंबर १४०.

वहीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं: रांग ७, कोरी १३३.

आणि १३३ तर कागदावर होती. तांबं चौतीस.

२

१३३ नंबरची पिशवी मामांनी भरलीच नव्हती. मामा रांग सातवरून परतल्यावर ती तिने स्वतः भरली होती, याच तंबूत, याच पलंगावर बसून. तिच्यात तांबं दोन-तीनच्या वर असायला नको होतं. मामा झाडाखाली बसले असते, झाडावर बसले असते, तरी त्या पिशवीत त्यांचा खड्डा शिरणं शक्य नव्हतं.

म्हणजे माती बदलली ती पिशव्या तळावर आल्यानंतर.

ती तडक नकाशेबुवांकडे गेली. बुवा भला माणूस. पहिल्या महिन्यात ती वाट चुकली होती, तेव्हा कंदील घेऊन टेकडीवर उभे राहिले होते ते बुवाच. आताही त्यांनी खुर्चीवरचे कागद उचलून तिला जागा करून दिली.

“वाईट वाटलं गं मामांचं,” ते म्हणाले. “पण म्हातारपणी गुडघे बोलतात. माणसाचं काही चालत नाही.”

“लॅबची पूर्ण फाइल बघायची होती, बुवा. विसाव्या ओळीसकट.”

“ती केवढी मोठी! इथल्या नेटवर उघडायची म्हणजे उद्याची संध्याकाळ. साहेबांना कामापुरते आकडे लागतात, तेवढे मी काढून देतो. बाकीची कशाला बघायची?” त्यांनी कपातून घोट घेतला. पांढऱ्याशुभ्र कपावर डोंगर आणि कुदळ यांचं नवंकोरं चिन्ह होतं.

“कप छान आहे.”

“मेव्हण्याने नवी कंपनी काढलीय. उद्घाटनाला दोन आठवडे राबलो, तर बक्षीस काय, कप!” बुवा मनापासून हसले. “तेव्हाच्या रजेची कामं अजून उरकतोय मी.”

त्यांच्या मागे फळीवर उद्याच्या अर्जाचा नकाशा लावलेला होता. सोडायचा उत्तर भाग लाल रेघांनी भरलेला, कोपरे काटेकोर, कोपऱ्यात बुवांची आद्याक्षरं आणि तारीख. सवयीने मोजणीने रेघा मोजल्या. एक्केचाळीस. तारीखही नजरेखालून गेली: बावीस.

बाहेर पडल्यावर तिला आठवलं, आज सव्वीस.

पण त्या घडीला तिला आणखी एका गोष्टीची घाई होती. सॅटेलाइट फोन साहेबांच्या तंबूत होता. साहेब कुणाशी तरी बोलून नुकतेच थांबले होते.

“फोन हवाय, सर. लॅबला.”

“सही?”

“ती नाही.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. कायमची नोकरी मागायला आलेली माणसं अशी उभी राहत नाहीत, असा काहीसा विचार त्यांच्या मनात आला असावा. “दहा मिनिटं. बॅटरी संपत आलीय.”

लॅबमधल्या बाई आवाजावरून जेवत असाव्यात. “निकाल आज सकाळी साडेआठला पाठवलाय हो. कुठली ओळ? एकशेचाळीस? थांबा.” कागद सळसळले. “तांबं अकराशे ऐंशी.”

“किती?”

“एक हजार एकशे ऐंशी. तुमची सगळ्यात भारी पिशवी ती. फोनच केला नाहीत तुम्ही, मला वाटलं नाचत असाल!”

३

“आमच्याकडे येते तेव्हाच प्रत्येक पिशवी तोलतो,” लॅबच्या बाई म्हणाल्या, म्हणून मोजणीने पिशव्या पोचल्याच्या वेळेसकट वजनंही उतरवून घेतली. शिवाय जस्ताचा रकाना. साहेबांच्या कागदावर फक्त तांबं होतं; लॅब मात्र एका झटक्यात तीस धातू मोजते. बॅटरी गेली तेव्हा तिच्या वहीत तांबं, जस्त आणि वजन मिळून साठ आकडे होते.

मग ती भांडारात गेली. काकू दोरांची वेटोळी तोलत होत्या.

“दोर कशाला तोलता, काकू?”

“कुणी मीटरभर कापून नेला तर कळायला नको?” काकूंनी चष्मा वर केला. “हसू नकोस. वीस वर्षांपूर्वी माझ्यावर चोरीचा आळ आला होता. निघाला खोटा, पण तोवर सासरी-माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. तेव्हापासून माझ्या दारातून जे जाईल ते तोलून जाईल. कंपनीचा नियम नाही हा, माझा आहे.”

“मग मामांच्या पिशव्याही तोलल्यात?”

“म्हणजे काय! गाडीत चढवताना. हे बघ.”

दोघींनी दोन वह्या शेजारी ठेवल्या. काकूंकडे १२१ नंबरची पिशवी एक किलो नऊशे वीस, लॅबमध्ये बरोबर दोन. १२७ इथे दोन किलो तीनशे दहा, तिथे दोन किलो दहा ग्रॅम. १३३, मोजणीच्या हातची, इथे एक किलो सहाशे चाळीस, तिथे दोन. एकोणीस पिशव्या इथून वेड्यावाकड्या वजनाच्या निघाल्या होत्या आणि तिथे पोचताना शाळेतल्या पोरांसारख्या एका उंचीच्या रांगेत उभ्या होत्या.

एकशेचाळीस मात्र इथेही एक किलो आठशे सत्तर, तिथेही एक किलो आठशे सत्तर.

“अगं बाई,” काकू हळूच म्हणाल्या. “वाटेत कुणीतरी एकाच मापाने भरल्या. पण ही एक का सोडली? दमला का मेला?”

मोजणी जस्ताचा रकाना बघत होती. एकशेचाळीसमध्ये जस्त साठ. डोंगरात असावं तेवढं. उरलेल्या एकोणिसांत चारशे दहा, चारशे बारा, चारशे नऊ.

“काकू, आपल्या डोंगरात एवढं जस्त कुठेच नाही. ही माती डोंगराची नाही.”

“मग?”

तिने मान वर केली. भांडाराचं छत कापडाचं होतं. साऱ्या तळावर छपरं कापडाचीच होती.

“काकू, तळापासून लॅबपर्यंत वाटेत पत्र्याचं छप्पर कुठे आहे?”

४

जीप सकाळी आठला आली. मामा तंबूबाहेर एका रिकाम्या पेटीवर बसले होते, शेजारी बांधलेली पिशवी आणि फावडं.

“चला मामा,” ड्रायव्हरदादा खाली मान घालून म्हणाला.

“चल की. तू पुढे हो, मी मागून चालत येतो. पोचेन महिन्याभरात.”

मोजणी जीपच्या दारात उभी राहिली. “दादा, रांग सातच्या पिशव्या तुम्हीच नेल्या होत्या ना? मधल्या मुक्कामी पत्र्याच्या शेडवर थांबलात?”

“नाही ताई. सरळ गेलो.”

“सरळ गेलात तर संध्याकाळी पोचायला हवं. लॅबच्या वहीत दुसऱ्या दिवशीची दुपार आहे.”

“टायर बसलं होतं.”

“काकूंनी तुम्हाला नवी स्टेपनी दिली होती. परत आली तेव्हाही नवीच होती. तोलून घेतली त्यांनी.”

ड्रायव्हरदादाने स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जणू गाडी चालूच होती. मग मामांकडे बघितलं. मामा त्याच्याकडे बघत नव्हते, फावड्याच्या दांड्यावरचं साल नखाने काढत होते.

“शेडपासून तासावर माझी लेक राहते,” तो शेवटी म्हणाला. “बाळंत झाली होती, महिनाभर बघितलं नव्हतं. मालाची गाडी सोडून जायची परवानगी नाही. पण नकाशेबुवा सोबत होते, दाढ काढायला निघालेले. तेच म्हणाले, जा, नातवाला बघून ये, मी आहे पिशव्यांपाशी, सरळ आलो असं सांगू. मी गेलो. माझं चुकलं असेल ताई, पण त्या मातीला मी हात लावला नाही.”

“शेडवर दुसरं कुणी होतं?”

“साहेबांची जीप होती ना! खोदाईवाल्या ठेकेदाराला भेटायला आले होते ते. पुढच्या खोलीत झोपले, बुवा मागच्या. सकाळी आलो तर दोघं चहा पीत बसलेले.”

“आणि शेडच्या आसपास काही वेगळं दिसलं?”

“काही नाही.” तो जरा थांबला. “मागच्या वळचणीखाली कुणीतरी चांगलं पोतंभर खणून ठेवलं होतं. मला वाटलं, मासे पकडायला गांडुळं काढली असतील.”

मामांनी पहिल्यांदा मान वर केली. “मासे? तिथून ओढा केवढा लांब!”

मोजणीने डोळे मिटले. शेडवर दोन माणसं. एक साहेब, ज्यांनी मामांना काढलं. दुसरे बुवा, ज्यांनी तिच्यासाठी कंदील धरला होता. पिशव्या दोघांच्याही हाताशी. चाळणी दोघांच्याही सामानात. आणि घड्याळात साडेआठ.

तेवढ्यात काकूंचा प्रश्न तिला पुन्हा ऐकू आला. ही एक का सोडली?

तिने डोळे उघडले. “मामा, अकरा वाजता जेवणाच्या तंबूत चला.”

“हकालपट्टीला?”

“मोजणीला.”

५

अकराला तंबूत सहा माणसं होती. अर्ज साहेबांपुढे होता, पेन त्यावर आडवं. या वेळी मामा बसले होते. मोजणी उभी होती.

“कोरी पिशवी एकशेचाळीस नव्हती,” ती म्हणाली. “एकशेतेहतीस होती. ती मी इथे भरली, मामा परत आल्यानंतर. तीही तुमच्या कागदावर चौतीस आहे, सर. म्हणजे मामा खोटे नाहीत, पिशव्या खोट्या आहेत.”

“वही तुझी, अक्षर तुझं,” साहेब म्हणाले.

“म्हणून वजनं आणलीत. ती काकूंच्या अक्षरात आहेत.”

साहेबांनी दोन्ही वह्या वाचल्या, बोट ओळीवर ठेवून, सावकाश. जस्ताच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

“पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो,” मोजणी म्हणाली. “पावसाचं पाणी तो दर वर्षी थोडाथोडा धुऊन वळचणीखाली सोडतं. तिथली माती भुसभुशीत, खणायला सोपी. मधल्या शेडच्या मागे असा खड्डा ड्रायव्हरदादांनी बघितलाय. त्या रात्री पिशव्या तिथे होत्या.”

“त्या रात्री मीही तिथे होतो,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “ते तुला ठाऊक असेलच.”

“आहे, सर.”

तिने वह्या साहेबांकडून परत घेतल्या.

“चोराने एकोणीस पिशव्या बदलल्या आणि एक सोडली. दमून नाही सोडली. कोरी पिशवी खराब निघाली तर लॅबला फोन जातो, सगळा गठ्ठा पुन्हा तपासला जातो. त्यामुळे कोरी कोरीच राहणं त्याच्या सोयीचं होतं. एकशेचाळीसला त्याने हात लावला नाही, कारण त्याच्या लेखी ती कोरी होती. कितीतरी वर्षं आपल्याकडे दर विसावी पिशवी कोरी असायची.”

“मला तर कोरी पिशवी म्हणजे रिकामी वाटायची,” ड्रायव्हरदादा पुटपुटला.

“तेच. तुम्ही किंवा काकूंनी केलं असतं तर वीसच्या वीस ओतल्या असत्या. हा नियम कुणाला माहीत होता? साहेबांना आणि बुवांना.” तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “पण या हंगामात, रांग सातच्या तोंडावर, मी नियम बदलला. कोरी कुठेही असू शकते असं टिपण लिहिलं, साहेबांची त्यावर सही आहे. साहेबांनी चोरी केली असती तर कोणती पिशवी सोडावी हेच त्यांना कळलं नसतं. एकशेचाळीस तर त्यांनी मुळीच सोडली नसती. ही पिशवी सोडणाऱ्याला जुना नियम माहीत होता आणि नवा माहीत नव्हता. टिपण निघालं त्या दोन आठवड्यांत रजेवर एकच माणूस होता.”

सगळ्यांनी एकदम बघितलं नाही. एकेकाने बघितलं, आणि बघून नजर बाजूला केली.

“ओळ मी काढली, कारण मला ती कोरी वाटली,” नकाशेबुवा म्हणाले. आवाज अजून मऊच होता. “जुन्या सवयीने चूक झाली. पिशव्या मी बदलल्या, असं कुठे ठरतं?”

“कोऱ्या पिशवीत तांबं अकराशे ऐंशी दिसलं, आणि तुम्ही बोंब मारली नाहीत?” साहेबांनी विचारलं.

बुवांनी समोरचा कागद सरळ केला.

“तुमच्या फळीवरचा नकाशा बावीस तारखेचा आहे, बुवा,” मोजणी म्हणाली. “उत्तरेचा भाग सोडायचा, एक्केचाळीस लाल रेघा. निकाल लॅबमधून निघाला सव्वीसला. चार दिवस आधी तुम्हाला रांग सात सपाट येणार हे कळलं कसं? नकाशावर तारीख टाकायची सवय तुमची. माझी नाही.”

“आपण सोडली की उत्तरेची जमीन घ्यायला कुणाची कंपनी टपून बसलीय, तेही विचार,” काकू म्हणाल्या. “मेव्हण्याचा कप बघितलाय मी. तीनशे वीस ग्रॅम.”

बुवांनी चष्मा काढून पुसला.

“रांग सातवरून मामा तांब्याचा हिरवा खडा घेऊन आले, तेव्हाच मला कळलं खाली काय आहे ते,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, आकडे सपाट आले की साहेब म्हणतील तिथे काही नाही. मामांवर येईल असं मनातसुद्धा नव्हतं.”

“मनात नव्हतं,” मामा म्हणाले. “काल सकाळी माझ्यावर आलं तेव्हा तू समोरच बसला होतास. तोंडात दात होते की तेही काढून आला होतास?”

साहेबांनी अर्ज उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. बारा वाजायला तेरा मिनिटं होती. दक्षिणेचा अर्ज लिहायला त्यांना सहा लागली. मग ते मामांसमोर येऊन उभे राहिले आणि काही बोलणार तोच मामांनी हात वर केला.

“माफी नको. ती कोरी पिशवी, तिच्यात काही नसतं. रांग सात पुन्हा करायची ना? मी करतो. पण या खेपेला तुम्ही माझ्याबरोबर चालायचं. प्रत्येक खड्ड्यापाशी उभं राहायचं. आणि पिशव्या तुम्ही उचलायच्या.”

“एकोणीस पिशव्या? मामा, माझे गुडघे—”

“वाटेत झाडं पुष्कळ आहेत,” मामा म्हणाले. “पण बसायचं नाही.”

दोन दिवसांनी पहाटे दोघं निघाले. बुवा त्याच्या आदल्या दिवशीच जीपने गेले होते, कप न घेता. मोजणीने फासे टाकले, एक नंबर गठ्ठ्यातून काढून घेतला आणि तो कुणालाही सांगितला नाही. पाचव्या दिवशी साहेब लंगडत परतले. काकूंनी पिशव्या तोलल्या आणि साहेबांच्या समोर सील केल्या.

लॅबचा कागद अठराव्या दिवशी आला. तो या वेळी थेट मोजणीच्या हातात पडला, आणि तिने तो भिंतीला टाचण्याआधी तीनदा मोजला. ओळी वीस.

मामांच्या एकोणीस पिशव्या: तांबं कमीत कमी ६१०, जास्तीत जास्त १,३४०.

कोरी पिशवी, क्रमांक ३०६: तांबं २.